झाकलेलं पातेलं

इंदूरला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. तुकोगंजातल्या एका खासगी लॅबमध्ये मी खाण्याचे नमुने तपासायचे. दुधात पाणी, हळदीत रंग... संशय घेण्याचाच मला पगार मिळायचा. त्या दिवशी डबा आला नाही, म्हणून संध्याकाळी भुकेली बाहेर पडले आणि कोपऱ्यावरच्या हिरव्या फूड ट्रकसमोर थबकले. पाटी होती – ‘शुद्ध शाकाहारी व्हिएतनामी फो’.

“फोचा रस्सा हाडांचा असतो,” मी म्हटलं. “तो शुद्ध शाकाहारी कसा?”

खिडकीतल्या तरुणाच्या कपाळावर वाफेचे थेंब होते. “मॅडमजी, आधी चाखून तर बघा. भांडण नंतर करून घेऊ.”

वाडग्यात तांदळाच्या पांढऱ्या शेवया, वर तुळशीसारखी पानं, लिंबाची फोड. रस्सा गोडसर होता, पण एक उग्र वास नाकात शिरला.

“बडीशेप जेवणानंतर खातात,” मी अर्धा वाडगा परत ठेवत म्हटलं.

“चक्रफूल आहे ते.” त्याने माझ्या उरलेल्या वाडग्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

त्याचं नाव मानस पवार. घर बडा गणपती मंदिराजवळ, पिढ्यान्‌पिढ्या इंदुरात, त्यामुळे मराठीत निम्मी हिंदी. मी दुसऱ्या दिवशीही गेले – फक्त खात्री करायला, असं स्वतःला सांगत. तिसऱ्या दिवशी मात्र विचित्र घडलं. सगळ्यांना त्याने मोठ्या पातेल्यातून वाढलं आणि मला मागच्या एका छोट्या, झाकलेल्या पातेल्यातून.

“त्यात काय आहे?”

“तेच आहे ना... सूप.” त्याने झाकण पटकन लावलं. कान लाल झाले होते.

रोज तेच. वाडगा देताना बोटं बोटांना लागायची, तो नजर चुकवायचा, आणि माझा संशय वाढायचा. चव सुंदर होती, हे अजूनच वाईट. लॅबमधली श्रेया म्हणाली, “काहीतरी गडबड आहे हं, ऋजुता.” मला तेवढं पुरे होतं. पुण्यात ज्याच्याशी माझा साखरपुडा झाला होता, तो ऋषभ वर्षभर रोज ऑफिसला जातो म्हणून सांगत होता. नोकरी कधीच सुटली होती. तेव्हापासून मी माणसंही नमुन्यासारखीच पाहायचे.

शेवटी एका संध्याकाळी मी पर्समधून नमुन्याची बाटली काढली आणि वाडग्यातला रस्सा हळूच तीत ओतला. झाकण फिरवताना वर पाहिलं... तो बघत होता, आधी बाटलीकडे, मग माझ्या गळ्यातल्या लॅबच्या ओळखपत्राकडे.

“लॅबला नेताय?”

आवाज हळू होता, तरी रांगेतल्या दोघांनी ऐकलंच. “लॅब? क्या हो गया, भिया?” एकाने वाडगा खाली ठेवला. मागचे दोघं-तिघं रांगेतून निघूनच गेले.

मानसने ते छोटं पातेलं उचलून माझ्यासमोर ठेवलं, झाकण काढलं. आत दाणे किसून उरलेली मक्याची कणसं, भाजलेलं आलं, कांदा, मशरूम.

“मोठ्यात पण हेच आहे,” तो म्हणाला. “फक्त यात चक्रफूल नाही. तुम्हाला वास आवडला नव्हता... म्हणून रोज वेगळं चढवतो. एका माणसासाठी.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं असतं, तर तुम्ही विचारलं असतं – का? त्याचं उत्तर द्यायची हिंमत नव्हती.”

बाटली हातात होती, माझ्या एका शंकेने त्याची रांग मोडली होती, आणि उरलेले लोक माझ्याकडे बघत होते. मी झाकण उघडलं आणि सगळ्यांसमोर तो रस्सा पिऊन टाकला. न तपासता. मग खाली ठेवलेला तो वाडगा उचलून त्या गृहस्थाच्या हातात दिला. “खा, काका. मी लॅबमध्ये काम करते. चूक माझी होती.”

ते थोडे कुरकुरले, पण खायला लागले.

गर्दी पांगेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. मानस ओटा पुसत होता, एकच जागा पुन्हा पुन्हा.

“रविवारी घरी या,” तो न बघता म्हणाला. “सकाळी तिथेच रस्सा चढतो. समोर बसून सगळं तपासून घ्या.”

“घरी कोण कोण असतं?” सवयीने विचारलंच मी.

“आई. आठ दिवसांपासून विचारतेय, छोटं पातेलं कोणासाठी जातं म्हणून.” आता त्याने वर पाहिलं. “ती तुमच्यापेक्षा संशयी आहे.”

“मग काय सांगितलंत त्यांना?”

“खरं ते... तुम्ही मला आवडता.”

वाफेमुळे असेल, माझे गाल तापले. उलट प्रश्न विचारायची सवय, पण त्या क्षणी एकच प्रश्न आठवला.

“रविवारी किती वाजता येऊ?” मी म्हटलं.