डब्यावरचा सोनेरी पेला

"बाबांना मीच मारलं असं सगळा गाव म्हणतोय, बाई. उद्या सार्जंट मला होबार्टच्या तुरुंगात नेणार." रे पेथरिकनं समोरच्या चहाला हातही लावला नव्हता.

खाणीतून निवृत्त झालेला क्लेम पेथरिक शनिवारी घरामागच्या शेडमध्ये मरून पडला होता. तिथे तो घरची बिअर बनवायचा. बाटल्यांना बुचं बसवायच्या लोखंडी यंत्रानं कुणीतरी त्याचं डोकं फोडलं होतं. रे त्याचा दत्तक मुलगा. रात्रपाळी करून तो दिवसभर आपल्या खोलीत झोपला होता, त्यामुळे साक्षीला कोणीच नाही.

"तुमचं भांडण झालं होतं?" त्याला शाळेत शिकवलेल्या इडा मॅक्गिनिसनं विचारलं.

"नाही. पण नेव्हिलकाका सांगतात, बाबांना माझी भीती वाटत होती."

इडा उठली. "लेनभावजी, गाडी काढा."

"एवढ्या थंडीत, वहिनी?" लेन कुरकुरला आणि गाडी काढायला गेला. हा दीर कुरकुरल्याशिवाय जागचा हलत नसे.

शेडमध्ये तपकिरी बाटल्या ओळीनं भरून ठेवल्या होत्या. फळीवर एक रिकामा डबा होता, त्यावर फेसाळत्या सोनेरी पेल्याचं चित्र. लेननं डब्याच्या काठावरचं वाळलेलं काहीतरी नखानं खरवडलं.

"शी! काकवी होती की काय यात? काळंकुट्ट आहे."

"माल्टचा पाक आहे तो, मोड आणलेल्या सातूचा. त्याचीच बिअर करतात. चाटू नका म्हणजे झालं." इडानं डबा उलटा केला. तळावरची मुदत कधीच उलटून गेली होती.

"आईनं आणला होता," रे म्हणाला. "ती गेल्यावर बाबांनी कपाटात ठेवून दिला. या हिवाळ्यात म्हणाले, बिघडली तर बिघडू दे, डल्सीच्या वाढदिवसाला डल्सीच्याच डब्याची बिअर. मी पीत नाही, तरी एक घोट घ्यायचं कबूल केलं होतं."

शेजारचा डग स्प्रूल कुंपणाशी येऊन उभा राहिला. "यंत्र माझंच. क्लेमनं मागून नेलं होतं. चव दाखव म्हटलं तर हाकलून दिलं मला! वाढदिवसाआधी एकही बाटली उघडणार नाही म्हणाला."

"शनिवारी कुठे होतात?"

"फुटबॉलला. अर्धा गाव होता. आमच्या पोरांनी सपाटून मार खाल्ला."

क्लेमचा भाऊ नेव्हिल टेकडीवर राहायचा. त्यानं इडा आणि लेनला शेकोटीजवळ बसवलं.

"शनिवारी त्याच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. क्लेमनं त्या नव्या बिअरची बाटली उघडली आणि मन मोकळं केलं. म्हणाला, पोरगं माझ्या जिवावर उठलंय."

"शेडमध्ये गेला होतात?"

"वर्षभरात पाऊल टाकलं नाही."

"आणि बिअर कशी झाली होती?"

"झकास! सोनेरी, स्वच्छ. पेल्याआडून क्लेमचं तोंड दिसत होतं."

"रिकामी बाटली सापडली नाही."

"त्यानं लगेच धुऊन ठेवली. बिअर करणारे ठेवतातच."

गाडीत लेन म्हणाला, "माणूस खरं बोलतोय, वहिनी. पोराचं काही खरं नाही."



दुसऱ्या दिवशी सार्जंट बेड्या घेऊनच आला. इडानं सगळ्यांना क्लेमच्या स्वयंपाकघरात बसवलं होतं. तिनं शेडमधली एक बाटली उघडली आणि काचेच्या पेल्यासह नेव्हिलपुढे ठेवली.

"ओता."

नेव्हिलनं ओतली. पेल्यात काळपट, गढूळ बिअर उतरली. करपट वास सुटला. त्याचा हात तिथेच थांबला.

"जुना पाक काळा पडतो," इडा म्हणाली. "डब्याच्या काठावर भावजींनी तो पाहिला होता. त्याची बिअर सोनेरी होणं शक्य नाही. बाटल्या तपकिरी, बाहेरून रंग कळत नाही. सोनेरी बिअर होती ती फक्त डब्यावरच्या चित्रात. आणि डबा होता शेडमध्ये."

"क्लेमच... तो म्हणाला होता..."

"तुम्ही तर पेल्याआडून त्याचं तोंड पाहिलंत. ही बिअर तुम्ही प्यालाच नाहीत. मग मन मोकळं केल्याची गोष्टही खोटी. शेडमध्ये मात्र तुम्ही गेला होतात."

नेव्हिल रेकडे वळला. "हे घर आमच्या बापाचं! कुठल्या कोण पोराच्या नावावर करायला निघाला होता तो. नको म्हणून हात जोडले मी. त्यानं पाठ फिरवली आणि बुचं लावलेल्या बाटल्या रचायला लागला. यंत्र माझ्या हाताशीच होतं."

सार्जंटनं बेड्या नेव्हिलला घातल्या. लेन खाली मान घालून बसला होता.

रेनं टेबलावरचा पेला उचलला आणि एक घोट घेतला. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

"वाईट आहे?" लेननं हळूच विचारलं.

"फार," रे म्हणाला, आणि रडत रडत त्यानं पेला संपवला.