बाळाला घेणारे हात

साबण बंद होऊन चौथं वर्ष चाललं होतं. मिरजेत कुणाच्या घरी साबणाची वडी सापडली तर दंड व्हायचा आणि सॅनिटायझर सापडलं तर तुरुंग. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना लोक दारावरच्या माणसाच्या तळव्यांवर आपले तळवे घट्ट दाबत. जो दाबत नसे, त्याला आत घेत नसत.

याचं कारण होतं राखण.

स्पर्शज्वराची साथ आली, तेव्हा लोकांनी आधीच्या साथीत शिकलेलं सगळं पुन्हा केलं. हात धुतले, चोळले, घरोघरी बाटल्या भरून ठेवल्या. पण हा जंतू निराळा होता. घरगुती, अर्धवट ताकदीच्या सॅनिटायझरमधून वर्षानुवर्षं तगून निघालेल्या जातीचा तो वंशज होता. स्पिरिटने त्याचं काही बिघडत नसे. हातावरचे निरुपद्रवी जंतू तेवढे मरत आणि त्याला मोकळं रान मिळे. मग डॉ. केतकी हसबनीस यांनी विचारच उलटा केला. हात रिकामा ठेवण्याऐवजी तिथे आपला पहारेकरी बसवला तर? माणसाच्या तळव्यावर एरवीही राहणाऱ्या एका जिवाणूत त्यांनी फेरफार केला. तो घामावर जगे, ज्वराचा जंतू भेटला की त्याला संपवी आणि स्पर्शाने एका हातावरून दुसऱ्या हातावर जाई. लोकांनीच त्याला नाव दिलं, राखण. साबणाने राखण मरते, म्हणून साबण गेला. साथ ओसरली.

आणि आता त्याच केतकीच्या स्वयंपाकघरात चोरून सॅनिटायझर तयार होत होतं.

करत होत्या तिच्या सासूबाई, कुमुदिनी. काळ्या गुळाचं पाणी आंबवायचं, कुकरमध्ये उकळायचं, शिट्टीच्या जागी बसवलेल्या तांब्याच्या नळीतून येणारे थेंब बरणीत धरायचे, ते पुन्हा उकळायचे, आणि शेवटी गच्चीवरच्या कोरफडीचा गर त्यात घोटायचा. आधीच्या साथीत त्यांचा नवरा घरातच आजारी पडला होता. हात धुऊन-धुऊन त्यांनी त्याची सेवा केली आणि तो उठून बसला. पुढे तो गेला तो म्हातारपणाने. तेव्हापासून स्वच्छ हातांवरचा त्यांचा विश्वास कुणालाही हलवता आला नव्हता.

केतकीला ते कळलं आपल्या तान्ह्या बाळाच्या वासावरून. मुलगी अपुऱ्या दिवसांची होती. निनाद, केतकीचा नवरा, कामानिमित्त परदेशात अडकला होता. केतकी दिवसभर प्रयोगशाळेत असायची आणि बाळ आजीकडे. त्या संध्याकाळी तिने बाळाला उराशी धरलं, तर दुपट्याला स्पिरिटचा वास.

"आई, बाळाला घ्यायच्या आधी तुम्ही हाताला काय लावता?"

कुमुदिनीबाईंनी लपवलं नाही. "स्पिरिट लावते. कागदासारखी कातडी आहे गं तिची. किडे वळवळणाऱ्या हातांनी घेऊ तिला?"

"किडे नाहीत ते. दही विरजणारे जंतू पोटात जातात, ते चालतात ना तुम्हाला? तसेच हे. पहारेकरी आहेत."

"असतील. पण तू झोपलीस की तुझा पहारेकरी काय करतो, ते ठाऊक आहे का तुला?"

"तो विचार करत नाही, आई. मी नेमून दिलंय तेवढंच करतो." केतकीने बाळाची मान उघडी केली. "हे लाल डाग बघा. तुमच्या स्पिरिटने भाजतंय तिला."

"दिवसभर माझ्याजवळ असते तेव्हा एकही डाग नसतो. सकाळी तुझ्याकडून घेते, तेव्हा असतात."

केतकीला हे लागलं. बाळ आजीच्या हातात लगेच शांत व्हायचं आणि तिच्या हातात रडायचं, हे ती रोज पाहत होती. शास्त्रज्ञ म्हणून तिने त्या वाक्यावर थांबायला हवं होतं. पण ते वाक्य तिने सून म्हणून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तिने प्रयोगशाळेतून राखणीची नळी आणली. "एक तर हात पुढे करा, नाहीतर मला वर कळवावं लागेल. मग बाळ तुमच्या नजरेलासुद्धा पडणार नाही."

कुमुदिनीबाईंनी हात मागे घेतले. केतकीने दोन्ही मनगटं ओढून धरली, मुठी उघडल्या आणि तो चिकट लेप बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडांतून चोळला. म्हातारी सुरुवातीला झगडली. मग तिने हात सैल सोडले आणि भिंतीकडे बघत राहिली. बरण्या केतकीने मोरीत ओतल्या.

त्यानंतर कुमुदिनीबाई चमच्याने जेवू लागल्या. हात अंगापासून लांब धरून घरात वावरू लागल्या. बाळाला त्या सुरुवातीला चादरीत गुंडाळून उचलायच्या, पण बाळ रडून काळंनिळं व्हायला लागलं, तेव्हा त्यांनी तिला हातांनी घेतलं.

आठवडाभरात बाळाच्या पाठीवर फोड उठले. रुग्णालयात डॉ. मुजावरांनी दुपटं बाजूला केलं. फोडांना आकार होता. चार बोटं आणि अंगठा.

"स्पर्शज्वरच असणार," केतकी म्हणाली. "स्पिरिटने कातडी आधीच दुबळी झाली होती."

पण फोडातल्या पाण्यात ज्वराचा एकही जंतू नव्हता. होती ती राखण. केतकीने पुन्हा पाहिलं, पुन्हा तेच. मोठ्यांच्या जाड कातडीवर राखण वरच राहत होती. बाळाच्या कोवळ्या कातडीत ती आत उतरत होती. पहिली राखण असं करत नव्हती. तळवे तळव्यांवर दाबून जी सगळ्यात वेगाने पसरते आणि सगळ्यात चिवट टिकते तीच पुढे जाणार, अशी निवड लोक रोज हजारो वेळा करत होते. आता ती तळव्यांपुरती उरली नव्हती. गालांवर, छातीवर, सगळीकडे होती, आणि साबणानेही जात नव्हती. गेले काही महिने गावोगावी तान्ही मुलं मरत होती. त्या मृत्यूंच्या प्रत्येक अहवालाखाली 'स्पर्शज्वर' असं लिहून केतकीनेच सही केली होती.

बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि कुमुदिनीबाई बाहेर उभ्या होत्या. "कुणाच्या हातांनी झालं गं?"

"सगळ्यांच्याच," केतकी म्हणाली. मानेवरचे पहिले डाग कुणाचे, हे दोघींनाही कळून चुकलं होतं.

"माझ्या हातांवर ती नवी आहे. अजून निघेल," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

घरी जाऊन त्यांनी पुन्हा गूळ आंबवला. मग जळजळीत स्पिरिटने आणि घासणीने हात घासले, कातडी सोलून रक्त येईपर्यंत. तपासणीत राखण जिवंतच निघाली, घर्मग्रंथींच्या तळाशी. आणि सोललेल्या जागेतून ती रक्तात शिरली. बाळाला एकदा हातात द्या, एवढंच त्या तापात बडबडत राहिल्या. त्या गेल्यावर हातांच्या पट्ट्या तशाच ठेवून त्यांना नेलं.

बाळाचे फोड भरून आले. अपुऱ्या दिवसांच्या कातडीला घाम फुटत नाही, म्हणून राखण तिच्या अंगावर टिकली नाही. पण पेटीत ती वाळत चालली. जाड हातमोज्यांतून दूध मिळत होतं, स्पर्श नाही.

"नुसत्या दुधावर मूल जगत नाही," डॉ. मुजावर म्हणाले. "कुणीतरी घ्यायला हवं तिला. राज्यभर विचारलं. राखण नसलेला एकही माणूस सापडला नाही."

"कुणीच नाही?"

ते शेजारच्या पेटीकडे बघत होते. तिथे जन्मल्याबरोबर वेगळा केलेला मुलगा होता, त्याला अजून कुणी हात लावला नव्हता. हातमोज्यांनी त्यांनी त्याला उचलून हिच्या पेटीत ठेवलं. दोन्ही मुलं आधी किंचाळली. मग एकाच्या मुठीत दुसऱ्याचा कान आला आणि ती झोपली.

पुढे तोच कायदा झाला. मूल जन्मलं की काचेआड न्यायचं आणि कातडी पुरती जाड होईतो मुलांनी मुलांनाच धरायचं. मसुदा केतकीनेच लिहिला. सगळी मुलं वाचली.

काही वर्षांनी केतकीच्या मुलीसाठी ते काचेचं दार उघडलं. केतकी आत गेली, गुडघ्यांवर बसली आणि तिने हात पसरले. मुलगी पेटीतल्या त्या मुलाला बिलगून उभी होती. केतकीने तिला उचलून छातीशी घेतलं. मुलगी रडली नाही. अंग लाकडासारखं ताठ करून, श्वास रोखून, खाली ठेवण्याची वाट बघत राहिली. केतकीने खाली ठेवताच ती त्या मुलाकडे गेली, आणि मग त्या दोघांनी, एकमेकांना घट्ट धरून, ही बाई आता जाईल का म्हणून दाराकडे पाहिलं.