आकाश तापवणारा बॉयलर

हिवाळाभर ‘उत्तुंग’ संकुलाचे धुराडे तप्त श्वास टाकत होते आणि खालच्या नळांना मात्र कोमट पाणी येत होते. गॅस पूर्वीपेक्षा जास्त जळत होता. मग उष्णता जात होती कुठे? माणसे चंद्रावर भाजी पिकवू लागली होती, पण नाशिकमधल्या या एका इमारतीचे कोडे कुणी सोडवत नव्हते.

उत्तर शोधण्याऐवजी व्यवस्थापक गुंजाळांनी हुकूम काढला होता, उद्यापासून सफाई कर्मचाऱ्यांच्या न्हाणीघराचे गरम पाणी बंद. वरच्या हॉटेलातला पोहण्याचा तलाव मात्र उबदारच राहणार होता. त्याच हॉटेलात फरशा पुसणाऱ्या आईचे भेगाळलेले हात शाल्मलीला आठवले आणि तिच्या छातीत निखारा फुलला. शेजारच्या टिल्लूआजोबांना, निवृत्त उष्णताशास्त्रज्ञांना, घेऊन ती थेट बॉयलरच्या खोलीत उतरली.

“थंड पाण्याने कुणी मरत नाही, बाळ,” गुंजाळ म्हणाले.

“मग तुम्हीच पोहा ना थंड तलावात!”

टिल्लूआजोबांनी हसू मिशीत दडवले. तपासणीसाठी बॉयलर विझवून निववला होता. त्यांनी मुठीएवढा यंत्रमानव त्याच्या पोटात सोडला. पडद्यावर चित्र उमटले. आत नळ्याच नळ्या होत्या आणि त्यांच्या भिंतींवर काळाकुट्ट थर साचला होता.

“या धूरनळ्या,” आजोबा म्हणाले. “आतून ज्योतीचे तप्त वायू जातात, बाहेर पाणी असते. उष्णतेने नळीची भिंत ओलांडली की पाणी तापते. पण भिंतीवर हे काळे बसले आहे, ती काजळी (अर्धवट जळलेल्या इंधनाची पूड). काजळी उष्णतारोधक (उष्णता अडवणारी) असते.”

“म्हणजे पाण्याला आपण गोधडीआडून शेकतोय?”

“अगदी! गोधडीआड अडलेली उष्णता धुराड्यातून निघून जाते. म्हणून धुराडे कढत आणि नळ कोमट. शंभर भाग उष्णतेतले किती भाग पाण्यापर्यंत पोचले, ती बॉयलरची कार्यक्षमता (दिलेल्या इंधनाचे कामी आलेले प्रमाण).”

“पण इंधन अर्धवट का जळलं?”

“हवा कमी पडली की तसे होते. फार जास्त झाली, तर तीही उष्णता घेऊन पळते. हवा नेमकी हवी.”

शाल्मलीची नजर हवा आत ओढणाऱ्या जाळीवर गेली. खंडेनवमीच्या पूजेचे झेंडूचे हार त्या जाळीवर एकावर एक चढवलेले होते. वाळून, धूळ खाऊन त्यांचा पेंढा झाला होता.

“हे हार कुणी काढले का नाहीत?”

“देवाचे हार आहेत! पुढच्या दसऱ्यापर्यंत हात लावत नाही आम्ही,” गुंजाळ म्हणाले. “दरवर्षी पूजा करतो, बॉयलर पुसून लख्ख करतो.”

“बाहेरून!” शाल्मली कडाडली. “त्याच्या नाकात फुलं कोंबलीत तुम्ही, आणि शिक्षा माझ्या आईला!”

पडद्यावर काळोख्या नळ्या दिसतच होत्या. गुंजाळांनी त्यांच्याकडे पाहिले. मग त्यांनी चपला काढल्या, जाळीला हात जोडले आणि एकेक हार उतरवून टोपलीत ठेवला.

संध्याकाळपर्यंत नळ्या घासल्या गेल्या. धुरातला उरलेला प्राणवायू मोजून हवा नेमकी ठेवणारा संवेदक (बदल टिपणारे उपकरण) बसला. ज्योत निळी, नितळ जळू लागली.

“आता धुराड्यातल्या उष्णतेने आत येणारे गार पाणी आधीच तापवू,” आजोबा म्हणाले. “त्या यंत्राला इकॉनॉमायझर म्हणतात. उद्याच्या इमारती आपला श्वाससुद्धा वाया घालवणार नाहीत.”

“हुकूम रद्द,” गुंजाळ खालच्या आवाजात म्हणाले. “तलावाची झडप उघडतो, मग...”

“आधी न्हाणीघराची,” शाल्मली म्हणाली आणि झडपेपाशी जाऊन उभी राहिली.

गुंजाळांनी न्हाणीघराची झडप उघडली. थोड्याच वेळात भिंतीपलीकडच्या न्हाणीघरातून आईचा आवाज आला, “अगं बायांनो, बेताने! पाणी पोळतंय!”