उजेड कोणत्या गालावर होता?

"ओ निळा शर्ट! जागचे हलू नका!"

मी शिडीवरून ओरडले आणि तो खरंच थांबला. एका हातात संत्र्याची रोगट फांदी, दुसरा हात कपाळाकडे निघालेला... तो मधेच अडकला.

शेंदूरजनाघाटच्या त्या बागेत आमच्या सिनेमाचं शूटिंग होतं. कॅमेऱ्याची सगळी जबाबदारी माझ्यावर असलेला हा पहिलाच सिनेमा. आमचा हीरो व्हॅनमध्ये डोळ्यांखाली बर्फ लावून बसलेला, आणि त्याच्या उंचीचं कोणीतरी त्याच्या जागी उभं केल्याशिवाय मला लाइट लावता येईना. हा बाबा निघाला कृषी सहायक. झाडांवरचा रोग बघायला आला होता. पण उंची अगदी हीरोएवढी!

"काहून? मी का झाड आहो, इथी उभा राहाले?"

"दहा मिनिटं तसंच समजा."

"कॅमेरामन कुठी आहे? मी त्याच्याशी बोलतो."

"बोला. मीच आहे."

त्यानं मान वर करून शिडी बघितली, मग मला बघितलं. "मंग राहतो उभा," म्हणाला, आणि फांदी खाली ठेवली.

त्या दहा मिनिटांचे अकरा दिवस झाले. रोज सकाळी ऑफिसच्या आधी नागसेन तासभर यायचा. हो, नागसेन नाव त्याचं, आणि घर अकोल्याचं. म्हणजे माझ्याच गावचा! मी मात्र सेटवर पुणेरी मराठी बोलायचे. बाई म्हणून आधीच सगळे टपलेले, त्यात वऱ्हाडी ऐकली की डोक्यावरच बसतात.

"डावीकडे बघा," मी सांगायचे.

"तिकडं काय आहे?"

"काही नाही."

"मंग तुमच्याकडंच पायतो."

"लेन्समध्ये नका बघू हो!"

"लेन्समधी कोन पाहून राहिलं? मी तं लेन्सच्या मांगं पाहून राहिलो."

मी डोळा कॅमेऱ्याला आणखी घट्ट लावायचे. निदान तेवढा गाल तरी लपायचा.

शेवटच्या दिवशी मी सामान आवरत होते, तेव्हा तो जवळ आला. त्या दिवशी हसत नव्हता.

"मॅडम, मायनं पोरगी पाहून ठेवली. रविवारी अमरावतीले जाचं आहे तिच्या घरी. मी नाई म्हनू शकतो. पन... कोनासाठी नाई म्हनू, थे तं सांगा."

बाप रे! माझ्या हातातली केबल तशीच राहिली. "शनिवारी सांगते," एवढंच कसंबसं म्हटलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय अवघड आहे? आवडतो तर हो म्हण, नाही तर नाही म्हण. अहो, पण मला तेच तर कळेना! तो मला दिसला तो माझ्याच उजेडात. सकाळचं ऊन, संत्र्याच्या पानांतून गाळलेलं, समोरून उजेड परतवायला मी लावलेला पांढरा थर्माकोल. त्या उजेडात पाण्याची टाकी उभी केली असती तरी माझा तिच्यावर जीव जडला असता. आणि हे आधी एकदा घडलंय. लग्नांचे व्हिडिओ काढायचे तेव्हा मूर्तिजापूरला एका नवरदेवाच्या भावावर मी दोन दिवस जाम फिदा होते. तिसऱ्या दिवशी हॉलच्या बाहेर ट्यूबलाइटखाली दिसला आणि खल्लास, सगळं संपलं. मग याचंही तसंच झालं तर? आणि नाही झालं, आणि मी उगाच घाबरून त्याला अमरावतीला जाऊ दिलं तर?

शेवटी मी त्याला शनिवारी भर दुपारी अकोल्यात, जठारपेठेत बोलावलं, नत्थुजीकाकांच्या स्टुडिओत.

"पासपोर्ट फोटो काढायचाय तुमचा."

"कायले? परदेशात धाडून राहिले का मले?"

त्याला कसं सांगू, की पासपोर्ट फोटोइतका वाईट लाइट जगात दुसरा नाही!

मी सतरा वर्षांची असताना नत्थुजीकाकांनी माझ्या हातात पहिला कॅमेरा दिला. लग्नात बायका तोंडाला पदर लावायच्या, "बाईमानूस शिडीवर चढते, काय बाप्पा!" तेव्हा शिडी खालून धरून उभे राहायचे ते काकाच. त्यांची एकच शिकवण होती. गिऱ्हाईक दाराबाहेर गेलं की विचारायचे, "प्रणाली, उजेड कोनत्या गालावर होता?" बारा वर्षं झाली. मी एकदाही चुकले नाही. आजोबा गेले तेव्हा रडता रडताही मला दिसत होतं, उजेड खिडकीतून येऊन त्यांच्या उजव्या गालावर पडलाय.

नागसेन आला तेव्हा वीज गेलेली. अर्धा तास आम्ही बाकावर समोरासमोर बसून बोलत होतो. मग वीज आली, काकांनी फोटो काढला, छापून माझ्या हातात दिला.

अग्गंबाई! कान बाहेर, एक डोळा अर्धवट मिटलेला. 'हरवला आहे' म्हणून पेपरात छापावा असा. मी टक लावून बघत राहिले. वाटलं होतं, बघताक्षणी कळेल. हो तरी, नाही तरी. काही म्हणजे काही कळलं नाही. आता मात्र मला रडूच यायला लागलं.

"फेल झालो का?" नागसेननं हळूच विचारलं. मी फोटो पालथा ठेवला. "मी रस घेऊन येतो. तुमी ठरवा तवरक."

तो दाराबाहेर गेला आणि काका सवयीनं म्हणाले, "पोट्टे, अर्धा तास बसला होता तुह्यापुढं. उजेड कोनत्या गालावर होता?"

मी डोळे मिटून आठवायला लागले.

त्याच्या शर्टाचं दुसरं बटण पांढऱ्याऐवजी काळ्या दोऱ्यानं शिवलेलं होतं, हे आठवत होतं. मायचं नाव घेताना आवाज खाली येतो, हसताना तोंडावर हात जातो, तेही आठवत होतं. त्यानं विचारलं होतं, "शिडीवर भेव नाई लागत?" आणि मी पहिल्यांदाच कुणाला तरी खरं सांगितलं होतं, "लागते. रोज लागते." पण उजेड? उजवीकडे होता की डावीकडे?

"मले... मले नाई मालूम, काका."

काकांनी चष्मा काढला. "बारा वर्षात पयल्यांदा चुकली," म्हणाले, आणि काही काम नसताना आतल्या खोलीत गेले.

नागसेन दोन ग्लास घेऊन दारात उभा होता. मी उठले.

"उद्या नाई म्हना."

"कोनासाठी?"

"माह्यासाठी."

त्याच्या हातातला रस थोडा सांडला. तो खाली बघत राहिला, ऐकलेलं खरं की खोटं ते ठरवत असल्यासारखा. मग हसला, पण तोंडावर न्यायला हात मोकळा नव्हता.

"पन मीबी तुले कुठी धड पायलं? अर्धं तोंड कॅमेऱ्यामांगं, एक डोया मिटून. बैस त्या स्टुलावर."

मी बसले. केस विस्कटलेले, नाक लाल, वरून तो भिकार लाइट. लपायला कॅमेराही नव्हता. तो बघतच राहिला.

"डावीकडं पाय," म्हणाला.

"तिकडं काय आहे?"

"काई नाई."

"मंग तुह्याकडंच पायते."