चुकायच्या आधीची टाळी

बारा वर्षं मी अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. घरीच, कपाटाला पाठ करून. वाचताना चुकले की एक टाळी वाजवायची आणि वाक्य पुन्हा घ्यायचं. टाळीचा उंच सुळका कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसतो, म्हणजे चुकलेला तुकडा नंतर संस्थेत कापता येतो. बारा वर्षांत एकही प्रकरण परत आलं नव्हतं. इतिहासाचं सातवं आलं.

"मागे कुणीतरी श्वास घेतंय," संस्थेतल्या तपासनीस बाई फोनवर म्हणाल्या.

"मी एकटी राहते. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायचा पंखा असेल तो."

"काही का असेना. पुन्हा असं झालं तर पुस्तक दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल."

काही का असेना! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे वाचन गेलं तर माझ्याकडे उरतं काय? पण कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या त्या जुन्या डब्याचा पंखा घरघरायचा, हेही खरं. आठवडाभर डोकं घालून मी नवा डबा निवडला. गरजेच्या दुप्पट ताकदीचा, म्हणजे तापायला नको. पंखा मोठा, आणि काम हलकं असेल तर तो फिरतच नाही. दहा वर्षांची हमी.

"ताई, चालू आहे की बंद, तेही कळणार नाही तुम्हाला," दुकानदार म्हणाला.

खरंच कळलं नाही. खोली इतकी शांत झाली की पान उलटलेलंही मोठ्याने ऐकू यायचं. आठवं प्रकरण मी जीव ओतून वाचलं. सहा वेळा चुकले, सहा टाळ्या वाजवल्या.

तेही परत आलं.

"श्वास आता अगदी स्पष्ट येतोय," बाई म्हणाल्या. "आणि टाळ्या बारा आहेत. दर वेळी तुम्ही चुकायच्या आधी एक, नंतर एक."

मी ऐकून पाहिलं. आधीची टाळी हलकी होती, कपाटाच्या बाजूने येणारी. भीती वाटायला हवी होती, पण मला राग आला. माझ्या चुका आधीच ओळखणारा हा कोण टिकोजीराव?

दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रू काढून डबा वायरींसकट उचलला आणि तडक दुकान गाठलं. दुकानदाराने तो जोडला, कान लावला.

"ताई, हा तर मुका आहे."

"मग टाळ्या कोण वाजवतं?"

त्याने पुन्हा कान लावला. तेवढ्यात माझा फोन वाजला. तपासनीस बाई होत्या.

"नववं प्रकरण आत्ताच आलं हं. श्वास एकच, टाळी एकही नाही. फार छान वाचलंत!"

घरी कॉम्प्युटर उघडा पडला होता. त्याचा पॉवर सप्लाय इथे, काउंटरवर होता. नववं प्रकरण मी अजून उघडलंही नव्हतं.

बारा वर्षांत बाईंनी मला एकदाही छान म्हटलं नव्हतं.

'ते मी वाचलेलं नाही,' असं सांगायला मी तोंड उघडलं.

माझ्या मानेमागे हलकीशी टाळी वाजली.