दोन खिळ्यांमधलं अंतर

"दोनशे पंधरा," ढब्बूने पट्टी खाली घेतली. "काल दोनशे आठ होतं. एका दिवसात सात मिलिमीटर!"

घारीने आकडा वहीत लिहिला.

शाळेच्या मागच्या भिंतीला गेलेली भेग पाच दिवसांपूर्वी चेंडू शोधताना या दोघांना दिसली होती. भिंतीच्या माथ्यावर जाडजूड फरशी होती आणि तिचं एक टोक शेजारच्या खांबावर जेमतेम चार सेंटिमीटर टेकलेलं. भिंत तेवढी सरकली की फरशी खाली. खाली सावलीत चटया टाकून सुट्टीतला चित्रकलेचा वर्ग भरायचा. चोवीस चिल्लीपिल्ली, त्यात घारीचा धाकटा भाऊ.

शाळेची डागडुजी करणाऱ्या गवंडीकाकांना सांगून झालं होतं. ते रोज सकाळी भेगेत सिमेंट भरायचे, थापीने गुळगुळीत करायचे आणि म्हणायचे, "बुजली ना? जा, खेळा." भेग बुजायची, पण भिंत काही सरकायची थांबत नव्हती. हे कळलं ते खिळ्यांमुळे: घारीने पहिल्याच दिवशी भेगेच्या अल्याड एक आणि पल्याड एक खिळा ठोकला होता, बरोब्बर दोनशे मिलिमीटरवर.

ढब्बू नुकताच सहावी पास झालेला, त्यामुळे सरासरी त्याच्या जिभेवर. "पाच दिवसांत पंधरा, म्हणजे रोज तीन. चाळीसला उरले पंचवीस. आठ दिवस निघतील, आणि वर्ग सहा दिवसांत संपतोय. सुटलो बुवा!"

घारीला सुटल्यासारखं वाटेना. आठवीच्या वार्षिक परीक्षेत तिने आलेखाचा प्रश्न सोडून दिला होता. ठिपके जोडण्यात कसलं आलंय गणित, असं तिचं ठाम मत. आता मात्र तिने वहीत चौकटी आखल्या, पाच दिवसांचे ठिपके मांडले आणि जोडले. रेघ सरळ गेलीच नाही. आधी आळशासारखी लोळत होती आणि शेवटी एकदम उठून वर निघाली होती.

तिने ती तशीच पुढे वाढवली. "उद्या सत्तावीस. परवा चाळीसच्या पुढे."

ढब्बूचा चेहरा पडला. "मग धाकट्याला घरी ठेव."

"आणि बाकीचे तेवीस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी मुख्याध्यापक बाईंना अक्षरशः ओढून आणलं. आठवीला गणित बाईच शिकवायच्या. गवंडीकाका नुकतेच काम आटपून थापी धूत होते. "बघा बाई, भेग आहे का कुठे? सुट्टीत पोरांना उद्योग नाही दुसरा."

बाईंनी भिंतीवरून हात फिरवला. गुळगुळीत. चटईवरून धाकट्याने रंगाने माखलेला हात हलवला. बाई परत फिरल्या.

घारी त्यांना आडवी आली. "बाई, भेग नका बघू, खिळे मोजा. आज दोनशे सत्तावीस भरेल असं मी कालच लिहून ठेवलंय. नाही भरलं तर पुन्हा तोंड उघडणार नाही."

बाई वाकल्या. पट्टी लावली. पुन्हा लावली.

"दोनशे अठ्ठावीस," त्या हळू म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. त्यांनी स्वतः पहिली चटई उचलली. "चला, सगळ्यांनी आपापले रंग घ्या. पळायचं नाही."

मग भिंतीभोवती दोर बांधला गेला आणि वर्ग सभागृहात हलला. त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी मुलं तिथे चित्रं काढत असताना जमीन हादरली. सगळे खिडकीकडे धावले. धाकटा रोज बसायचा त्या जागी फरशीचे तीन तुकडे पडले होते. घारीने त्याचा दंड इतका घट्ट धरला की तो कळवळला, तरी तिला सोडवेना.

"मी नुसती भेग बघत राहिलो," गवंडीकाका मान खाली घालून म्हणाले. "भिंत बघितलीच नाही. पोरांनो, तुमच्यामुळे वाचलो."

बाईंनी घारीच्या पाठीवर हात ठेवला. "शाबास. आलेखाचा प्रश्न कोरा सोडणारी तूच ना?"

"आता नाही सोडणार," घारी म्हणाली.

"बाई," ढब्बूने विचारलं, "आलेख कितवीत शिकवतात?"

"आठवीत. तुला अजून एक वर्ष आहे."

ढब्बूने खिडकीतून त्या तुकड्यांकडे पाहिलं आणि वही घारीपुढे सरकवली. "एक वर्ष कोण थांबतंय? आत्ताच शिकव."