दगड कोरडा पडला

देवपुरातले अभिमन सर दगड गोळा करायचे. शाळेत भूगोल शिकवायचा आणि सुटीच्या दिवशी पांझरेच्या पात्रातून पिशवी भरून आणायची. "शाळेत धोंडे कमी पडतात की काय?" बायको, सुनंदाबाई, चिडवायच्या. त्या साताऱ्याच्या, वीस वर्षं धुळ्यात काढूनही अहिराणीचा एक शब्द त्यांच्या तोंडी बसला नव्हता.

अठ्ठ्याऐंशीच्या एप्रिलात सरांना घाटाजवळ चिंचेखाली एक काळा दगड सापडला. मुठीएवढा, एका कडेला टवका उडालेला. ऊन मी म्हणत होतं आणि दगड मात्र ओला! सर हरखले. घरी आणून काट्यावर तोलला. दुसऱ्या दिवशी वजन चार ग्रॅमने जास्त भरलं. तिसऱ्या दिवशी आणखी सहा.

त्याच दिवसांत संध्याकाळी भरलेल्या माठाचा सकाळी तळ दिसू लागला. आणि सुनंदाबाईंना तहान लागली. तांब्यावर तांब्या रिचवला तरी ओठ कोरडेच, जीभ टाळूला चिकटलेली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, काही निघालं नाही.

"अहो, घशात कुणीतरी बसलंय हो..." त्या कुजबुजल्या. ही बाई डोळ्यांदेखत वाळून जाणार, असं सरांना वाटू लागलं.

आठव्या दिवशी पहिल्या एस.टी.ने ते दगड घेऊन जळगावला गेले. तिथे मेहरूणला रुपचंद नाना राहायचे, भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. नानांनी चाकूने ओरखडून पाहिलं, आम्लाचा थेंब टाकला.

"साधा बसाल्ट आहे, अभिमन. अख्ख्या खानदेशाच्या पायाखाली आहे तोच."

"पण नाना, तो ओला असतो. वजन वाढतं त्याचं."

"हा तर खडखडीत कोरडा आहे."

खरंच होतं. काल गुंडाळताना रुमाल भिजला होता. आज वजनही पहिल्या दिवसापेक्षा कमी भरलं. नाना मात्र टवक्यावर भिंग रोखून बसले.

"ह्यात लाल माती अडकलीय. भाजलेली... मडक्याची." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "अरे, हा जीवखडा आहे. चितेपाशी ज्यानं पाण्याचं मडकं फोडतात, तो. दहाव्यापर्यंत जीव ह्यात राहतो म्हणतात, म्हणून रोज पाणी घालतात ह्याला. तू कुणाचा उचलून आणलास?"

वडील गेले तेव्हा सरांनी स्वतः असाच खडा त्याच चिंचेखाली ठेवला होता. छंदाच्या नादात तेवढंही आठवलं नव्हतं. स्वतःचीच त्यांना किळस आली. आज दहावा तर नसेल?

दुपारी ते धावतपळत घाटावर पोचले. माणसं उन्हात ताटकळत होती. पिंडाभोवती कावळे बसले होते, पण एकही शिवत नव्हता. डोकं भादरलेला एकजण हात जोडून उभा होता.

"कोणाचा दहावा, भाऊ?"

"मनी मायना. नर्मदाबाईना. मी पितांबर. जीवखडा हारपी गया, दुसरा लिधा... पन कावया शिवस नई. माय पानी मांगत मांगत गयी, भाऊ."

सरांनी दगड पुढे केला. "तिकडे पडला होता," एवढंच म्हणाले. खरं सांगायची छाती झाली नाही. पितांबर त्यांच्या पाया पडला, तेव्हा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खडा पाण्यात सोडला. तरी कावळे जागचे हलले नाहीत. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं खाली मान घालून निघाली.

सर घरी आले तर दारात सुनंदाबाई उभ्या. ओठ ओले, चेहरा टवटवीत. माठ काठोकाठ भरलेला.

"बरं वाटतंय?"

त्यांनी मान हलवली. सरांचा जीव भांड्यात पडला.

सुनंदाबाईंनी पाण्याचा तांब्या आणून दिला. डोक्यावरून पदर घेतलेला; तसा त्या कधी घेत नसत. सर पाणी पीत होते आणि त्या त्यांच्या खांद्यावरून घाटाच्या वाटेकडे बघत होत्या.

"पितांबर जेवना का, भाऊ?" त्यांनी हळूच विचारलं.